निवृत्तीनंतर कॅमेरा बाहेर काढला, आत तीस वर्षांपूर्वीचा रोल निघाला. धुवू का?

मंदगती | रविवार, रात्री ९:१०

निवृत्त होऊन आठ महिने झाले. पहिले तीन महिने कपाटं आवरण्यात गेले. त्या आवराआवरीत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझा कॅमेरा सापडला. 'सापडला' हे खोटं आहे. तो तिथे आहे हे मला इतकी वर्षं पक्कं माहीत होतं. माळ्यावर चढलो की त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळायचो, एवढंच.

तरुणपणी मी बऱ्यापैकी फोटो काढायचो. कृष्णधवल. रोल स्वतः धुवायचो, प्रिंटही स्वतःच काढायचो. रात्री सगळे झोपले की बाथरूमच्या दाराला काळं कापड, स्टुलावर एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र), फरशीवर तीन ट्रे. मग मुलं झाली, बढती झाली, दोनदा बदली झाली. कुणी मनाई केली नाही. भांडण नाही, निर्णय नाही. एका बदलीत एन्लार्जर विकला आणि नंतर घेऊ म्हटलं.

कॅमेऱ्याचा काउंटर २३ वर होता, म्हणजे आत रोल. ४०० स्पीडचा (स्पीड म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील), कृष्णधवल. कशाचे फोटो आहेत ते आठवत नाही. बायकोला वाटतं धाकटी चालायला लागली तेव्हाचे असतील. धाकटी आता बत्तीस वर्षांची आहे आणि तिचं म्हणणं, "बाबा, द्या ना कुणाला तरी धुवायला." मी रिवाइंड करून रोल बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. त्याला दोन महिने झाले. रोज त्याच्यावरची धूळ पुसतो.

तर पहिला प्रश्न: इतका जुना रोल घरी धुतला तर काही येईल का?

दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. मला पुन्हा सुरू करायचंय की नुसतं जुनं उकरायचंय, हेच मला कळत नाही. परवा एक वाया गेलेला रोल घेऊन डोळे मिटून डेव्हलपिंग टँकच्या रीलवर चढवून पाहिला. पहिल्या फटक्यात चढला. बोटांनी मला न विचारताच करून टाकलं. त्या आनंदात कॅमेरा डोळ्याला लावला, तर फोकस झालाय की नाही तेच समजेना. फोकस बघायच्या मधल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा, उरलेला धूसर. ३४ वर्षं हिशेब तपासण्याचं काम केलं, बारीक आकड्यातली चूक लांबून दिसायची. आणि इथे समोरचं झाड दिसेना.

कुणी असं मधली काही दशकं सोडून परत वळलंय का?

---

पाणीरंग | रविवार, रात्री ९:५२

धागा वाचून हसू आलं आणि थोडं पोटात तुटलं. माझी गोष्ट रोलची नाही, कागदाची.

नोकरीत असताना एकदा जलरंगाचा उत्तम कागद घेतला होता. ३०० ग्रॅमचा, शंभर टक्के कापसाचा, दहा मोठे ताव. चांगला हात बसला की वापरू म्हणून गुंडाळून ठेवला. अठरा वर्षं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या थाटात एक ताव काढला, ओला केला, आकाशासाठी निळा रंग सोडला. तो पसरलाच नाही. टीपकागदावर शाई पडावी तसा जागच्या जागी शोषला गेला. कागदाला पाणी लगेच पिऊ नये म्हणून सरस लावलेला असतो. दमट हवेत तो इतक्या वर्षांत बाद झाला होता. दहाच्या दहा ताव गेले.

त्या दिवशी रडले. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच बाद कागदावर मनात येईल ते काढत बसले, कारण आता जपायचं काही उरलंच नव्हतं. माझी खरी सुरुवात त्या दिवसाची. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: धुवा. टेबलावर ठेवून त्याचं देवघर करू नका.

---

अंधारखोली | रविवार, रात्री १०:३०

आधी एक सांगा. रिवाइंड करताना नॉब किती फेऱ्या फिरवावा लागला? आणि जोर लागत होता का?

आता रोलबद्दल. जुन्या फिल्मवर सगळीकडे एक राखाडी थर चढतो, त्याला फॉग म्हणतात. उष्णता, दमटपणा आणि नैसर्गिक किरणोत्सर्ग, तिन्ही मिळून तो वाढवतात. फिल्म जितकी वेगवान तितका फॉग जास्त. १०० स्पीडची असती तर मी जास्त आशा दाखवली असती. शिवाय ज्या भागावर मुळात कमी उजेड पडला होता, तिथली सुप्त प्रतिमा, म्हणजे धुण्याआधीची न दिसणारी, विरत जाते. म्हणजे सावल्या गेल्या असं समजा. उजळ भाग, चेहरे, पांढरे कपडे दिसू शकतात.

न वापरलेल्या जुन्या फिल्मसाठी दहा वर्षांमागे एक स्टॉप उजेड जास्त (म्हणजे दुप्पट) द्या, असा एक ढोबळ नियम आहे. तुमच्या कामाचा नाही, कारण तुमचा उजेड देऊन झालाय. तुमच्या हातात फक्त डेव्हलपर, म्हणजे प्रतिमा उमटवणारं रसायन. एचसी-११० हा डेव्हलपर वापरा, त्याने फॉग कमी येतो. मिळालं तर थोडं बेंझोट्रायाझोल घाला, तेही फॉग दाबतं. प्रतिमा ओढून काढण्याच्या नादात वेळ दुप्पट करू नका. प्रतिमेच्या आधी फॉगच वाढेल.

---

मंदगती | रविवार, रात्री १०:४१

दोन-तीन फेऱ्या असतील. लगेच सैल झालं. का हो?

---

अंधारखोली | रविवार, रात्री १०:४४

काही नाही. धुवा, मग बोलू.

---

रिकामटेकडा | सोमवार, सकाळी ७:१५

वाईट वाटून घेऊ नका, पण हातातल्या फोनमध्ये याहून चांगला कॅमेरा आहे. फोकस तोच करतो. मग विषारी पाण्यात हात घालून, कमरेची वाट लावून, महिन्याला दोन फोटो काढायचे, याला छंद म्हणायचं की गतकाळाची ओढ? आपली पिढी निवृत्त झाली की जे जे बंद पडलंय ते ते तिला सुंदर दिसायला लागतं.

आणि एका रोलचं एवढं काय? अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये गेला तेव्हा त्याचे अडीच हजारांच्या आसपास रोल धुवायचे राहिले होते. त्याला धुण्यात रस नव्हता, काढण्यात होता. तुम्हाला नक्की कशात आहे?

---

वेलबुट्टी | सोमवार, दुपारी २:२०

रिकामटेकडांचा शेवटचा प्रश्न चांगला आहे, बाकीचा प्रतिसाद नेहमीचाच.

मंदगती, मला तुमच्या धाग्यातलं एक वाक्य टोचलं. "कुणी मनाई केली नाही." बरोबर. रात्री बाथरूम दोन तास बंद असायची तेव्हा बाहेर कोण ताटकळायचं, लहान मूल उठलं तर कोण बघायचं, हेही लिहायला हवं होतं. मीही नोकरी केली, मीही निवृत्त झाले. ऑफिसातून. घरातून मला अजून कुणी निरोपाचा नारळ दिलेला नाही. निवृत्तीनंतर वेळच वेळ असतो, असं वाक्य मी तरी फक्त पुरुषांच्याच तोंडून ऐकलंय.

मी कागद कापते. काळ्या कागदाच्या पानाफुलांच्या जाळ्या, लहानपणी शाळेत शिकले होते तशा. दुपारी दोन ते चार खोलीचं दार आतून लावते. पहिला महिना दर दहा मिनिटांनी कुणीतरी दार वाजवायचं. चष्मा कुठाय, किल्ली कुठाय. दुसऱ्या महिन्यात सगळ्यांना आपापल्या किल्ल्या सापडायला लागल्या. कात्री शिकायला मला आठ दिवस लागले, दार लावायला पस्तीस वर्षं.

जाता जाता: मेरी डिलेनी नावाच्या बाईने वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास रंगीत कागद कापून फुलांची चित्रं करायला घेतली. सुमारे हजार केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. नजर साथ देईना तेव्हा थांबली.

---

मंदगती | सोमवार, रात्री ८:०५

वेलबुट्टी, तुम्ही लिहिलंत ते दुपारपासून डोक्यात आहे. खरं सांगायचं तर बाहेर कोण ताटकळतंय याचा मी तेव्हा विचारच केला नव्हता. विचारतो घरात.

रिकामटेकडा, फोनने काढतोच की. हजारो आहेत. परत एकही पाहिलेला नाही.

---

अर्धास्वर | सोमवार, रात्री ११:३०

मी व्हायोलिनवाला. पंचवीस वर्षांनी पेटी उघडली. तारा बदलल्या, गजाचे केस बदलून घेतले, खांद्याला लावलं आणि पहिल्या सुराला स्वतःचीच लाज वाटली.

याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मधल्या वर्षांत मी वाजवलं नाही, पण ऐकलं भरपूर. त्यामुळे कान पुढे निघून गेला आणि हात होते तिथेच, खरं तर चार पावलं मागे. विशीत बेसूर वाजवायचो तेव्हा ते मला फारसं कळतच नव्हतं, म्हणून तासन् तास वाजवू शकलो. आता प्रत्येक चूक ऐकू येते. परत वळणाऱ्याची अडचण नवशिक्यापेक्षा वेगळी असते ती इथे. नवशिक्याला काही येत नाही आणि त्याचं त्याला ओझंही नसतं. आपल्याला पूर्वी यायचं, हे ओझं असतं. त्यात पूर्वी जितकं यायचं त्यापेक्षा जास्त यायचं असं आठवतं. माझी एक जुनी कॅसेट सापडली, ती ऐकली आणि गैरसमज दूर झाला. तेव्हाही यथातथाच होतो!

बोटं सकाळी आखडलेली असतात. कोमट पाण्यात पाच मिनिटं हात ठेवतो, मग वीस मिनिटं वाजवतो, थांबतो. संध्याकाळी परत वीस. सलग तास काढला की दुसऱ्या दिवशी अंगठा बोलतो. पहिले चार महिने फक्त लांब गज आणि एकेक सूर. चौथ्या महिन्यात एकदा सूर असा लागला की व्हायोलिन आपोआप घुमलं. त्यावर पुढचे दोन महिने निघाले.

---

दुसरीघंटा | मंगळवार, सकाळी १०:४५

माझी निवृत्ती दोन वर्षांवर आहे. मला याच मार्गाला यायचंय, म्हणून आत्तापासून तयारी करतोय. दोन कॅमेरे घेतले, चार लेन्स झाल्या, एन्लार्जर बघून ठेवलाय, केमिकलची यादी तयार आहे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सुरू करता यावं असा बेत आहे. डेव्हलपर घरी बनवता येतो असं ऐकलं. कसा?

---

अंधारखोली | मंगळवार, दुपारी १:१०

दुसरीघंटा, दोन वर्षं कशाला थांबता? एक कॅमेरा, एक लेन्स, एकाच जातीची फिल्म, एकच डेव्हलपर. या रविवारी सुरू करा. बाकीचं कुणाला तरी देऊन टाका.

डेव्हलपरचं विचारलंत म्हणून. डी-७६ चं सूत्र जगजाहीर आहे. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. क्रम महत्त्वाचा. पाऊण लिटर कोमट पाण्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल पूर्ण विरघळू द्या, मग उरलेलं सल्फाइट आणि बाकीचं, शेवटी पाण्याने लिटर पुरं करा. सगळं सल्फाइट आधी ओतलंत तर मेटॉल विरघळायलाच तयार होत नाही. मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ येतं, हातमोजे घाला. नुसती गंमत बघायची असेल तर इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी यातही फिल्म धुतली जाते. वास असा येतो की घरातले तुम्हाला बाहेर काढतील.

आणखी एक. पन्नाशी-साठीनंतर डार्करूम करणाऱ्यांनी स्टॉप बाथला (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) अॅसेटिक आम्लाऐवजी सायट्रिक वापरावं, छातीला त्रास नाही. ट्रे फरशीवर ठेवू नका. कमरेच्या उंचीवर फळी टाका. विशीतले पराक्रम पुरे.

---

मंदगती | शुक्रवार, रात्री ११:५५

धुतला.

सविस्तर लिहितो, कारण झोप येणार नाही. संध्याकाळी एचसी-११० तयार केलं, पाणी २० अंशांवर आणलं. बाथरूमच्या दाराखाली टॉवेल कोंबला, दिवा घालवला, पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. कुठूनही उजेड येत नाही ना, हे डोळ्यांना अंधाराची सवय झाल्याशिवाय कळत नाही. रीलवर फिल्म सरसर चढली. टँकचं झाकण लावलं, दिवा लावला. डेव्हलपर ओतला, हळूहळू उलटसुलट केलं. स्टॉप बाथ. मग प्रतिमा पक्की करणारा हायपो. बायको दाराशी उभी होती, धाकटी फोनवर.

झाकण उघडून फिल्म बाहेर ओढली. ओढत गेलो, ओढत गेलो. सगळीकडे एकसारखी फिकट राखाडी. एकही चौकट नाही. सुरुवातीचा वीतभर भाग काळा कुळकुळीत, पुढे काही नाही. छत्तीसच्या छत्तीस घरं रिकामी.

केमिकल चुकलं का? तापमान? मी रोल मारला का?

---

अंधारखोली | शनिवार, सकाळी ६:३०

तुम्ही काही मारलेलं नाही. फिल्मच्या कडेला आकडे आणि अक्षरं आहेत का, ते बघा.

---

मंदगती | शनिवार, सकाळी ७:०२

आहेत. कंपनीचं नाव, १, १अ, २, २अ... ३६ पर्यंत, स्पष्ट.

---

अंधारखोली | शनिवार, सकाळी ७:२०

ते आकडे कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात, पण फिल्म धुतल्यावरच दिसतात. ते स्पष्ट आले म्हणजे तुमचा डेव्हलपर, वेळ, तापमान, सगळं ठीक. तीस वर्षांनी पहिला रोल धुतलात आणि तो नीट धुतलात. फिल्मवर काही नव्हतंच.

रोल भरताना लीडर, म्हणजे फिल्मचं सुरुवातीचं टोक, टेक-अप स्पूलच्या (फिल्म गुंडाळून घेणाऱ्या रिळाच्या) खाचेतून निसटला. तुम्ही लीव्हर ओढत राहिलात, काउंटर पुढे जात राहिला, कारण तो फिल्म मोजत नाही, लीव्हरचे झटके मोजतो. फिल्म जागची हलली नाही. तेवीसच्या तेवीस फोटो एकाच जागी एकावर एक पडले, आणि ती जागा रोल भरतानाच उजेडात काळी झाली होती. तुम्ही रिवाइंडच्या दोन-तीन फेऱ्या म्हणालात तेव्हाच शंका आली होती. तेवीस चौकटी गुंडाळायच्या तर नॉब बराच वेळ फिरवावा लागतो.

यापुढे रोल भरला की रिवाइंडचा नॉब हलकेच रिवाइंड करायच्या दिशेने फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढायचा आणि लीव्हर ओढताना तो नॉब फिरतोय ना ते बघायचं. फिरला तर फिल्म चालली आहे.

---

रिकामटेकडा | शनिवार, सकाळी ८:४०

हे माझ्याकडून अपेक्षित नसेल, पण वाईट वाटलं राव.

---

मंदगती | शनिवार, रात्री ९:३०

आधी मलाही वाटलं. मग मी हे सगळं बायकोला समजावून सांगितलं, तर ती पाच मिनिटं हसत होती. म्हणाली, "म्हणजे तीस वर्षं आपण रिकाम्या डबीला जपलं?" मग धाकटीला फोन करून सांगितलं, तीही हसली. कुणालाच दुःख झालं नाही. जे आठवतच नव्हतं ते गेल्याचं काय वाटणार? मला वाटायचं रोलात काहीतरी अडकलंय, त्याचं मी देणं लागतो. नव्हतं काही.

त्याच हसण्याच्या भरात वेलबुट्टींचा प्रश्न विचारून घेतला. तेव्हा बाहेर तू काय करायचीस, दार का वाजवायची नाहीस? मला वाटलं होतं आता हिशेब निघणार. निघाला थोडा, तो इथे लिहीत नाही, माझीच बाकी जास्त आहे. पण एक गोष्ट नवीन कळली. म्हणाली, "तुम्ही आत शीळ घालायचात. बाहेर कधीच घालायचा नाहीत. म्हणून वाजवायचे नाही."

मला हे माहीतच नव्हतं.

---

वेलबुट्टी | शनिवार, रात्री १०:१५

त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि उरलेली बाकी चुकती करा.

---

मंदगती | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:२०

पुढची हकीकत. कॅमेऱ्याच्या मागच्या दाराला उजेड अडवायला लावलेला स्पंज डांबरासारखा चिकट झाला होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला, नवा लावला. मीटरला जुनी पाऱ्याची १.३५ व्होल्टची बॅटरी लागते, ती आता बनत नाही. म्हणून मीटर सोडून दिला आणि लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६, शटर सेकंदाचा फिल्मच्या स्पीडएवढावा भाग, या जुन्या ठोकताळ्यावर निघालो. नवा रोल भरला. नॉब फिरला. प्रत्येक फोटोला बघितला, वेड्यासारखा.

३६ पैकी ३६ आले. त्यातले १९ फोकसबाहेर. डोळ्यांचं काय करू?

---

अंधारखोली | रविवार, रात्री ९:००

तुम्हाला दूरचा-जवळचा एकत्र चष्मा आहे ना? बहुतेक एसएलआरच्या (आरशातून लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा डोळ्याला साधारण एक मीटरवर असल्यासारखी दिसते. विशीत डोळा ते आपोआप जुळवून घेतो, साठीत नाही. चष्म्याच्या वरच्या भागातून बघाल तर धूसर, खालच्या भागातूनही धूसर. डोळे तपासणाऱ्याला 'एक मीटर अंतर' असं सांगून वेगळा नंबर काढून घ्या आणि त्या नंबरचं भिंग व्ह्यूफाइंडरला बसवा किंवा साधा चष्मा करून घ्या. वर्तुळाचा अर्धा भाग काळा दिसतो तो डोळा मधोमध नसल्यामुळे. कॅमेरा जरा सरकवून बघा.

---

पाणीरंग | रविवार, रात्री ९:२५

आणि मोतीबिंदू नाही ना, तेही बघून घ्या. माझं दोन वर्षांपूर्वी झालं. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर मी एकच कागद आळीपाळीने दोन्ही डोळ्यांनी पाहिला. एकाला पांढरा, दुसऱ्याला जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट. आणि मी त्या पिवळ्याला इतकी वर्षं पांढरा समजून रंगवत होते! फ्रेंच चित्रकार मोनेलाही उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती, १९२३ मध्ये. त्याआधीच्या काळातली त्याची काही चित्रं लालसर-तपकिरी का झाली, ते मला तेव्हा कळलं.

---

वेलबुट्टी | सोमवार, दुपारी ४:०५

एकोणीस फोकसबाहेरचे फेकू नका. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनला मुलगी आणि जावयाने कॅमेरा भेट दिला तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. तिचे फोटो धूसर आहेत म्हणून तेव्हाच्या जाणकारांनी नावं ठेवली. आज तेच फोटो संग्रहालयांत आहेत.

---

अंधारखोली | सोमवार, दुपारी ४:३०

तिने ते ठरवून केलं. यांचं चुकून झालंय.

---

वेलबुट्टी | सोमवार, दुपारी ४:४१

तिचंही आधी चुकूनच झालं होतं. तिने स्वतःच लिहून ठेवलंय की लेन्स फिरवता फिरवता डोळ्याला जिथे सुंदर दिसलं तिथेच ती थांबली. बसा आता.

---

अंधारखोली | सोमवार, दुपारी ४:४३

बसलो.

---

रिकामटेकडा | सोमवार, सायंकाळी ६:१०

उलटं उदाहरणही नोंदवून ठेवतो, नाहीतर हा धागा फारच गोड होईल. कार्तिए-ब्रेसाँ, ज्यांच्यामुळे निम्म्या जगाने कॅमेरा हातात घेतला, त्यांनी साठी ओलांडल्यावर फोटोग्राफी जवळजवळ सोडली आणि ते चित्रं काढत बसले. तरुणपणी चित्रकला शिकले होते, तिकडे परत गेले. म्हणजे सोडणंही चालतं. मंदगती, सहा महिन्यांनी कंटाळलात तर इथे येऊन सांगायला लाजू नका.

(मी स्वतः गेल्या आठवड्यात जुनी चित्रवही काढली. कुणाला बोलू नका.)

---

अर्धास्वर | सोमवार, रात्री ११:५०

वाचलं. बोलणार नाही. +१.

---

मंदगती | दीड महिन्याने, शनिवार, रात्री १२:२०

पहिला प्रिंट काढला आज. जुना एन्लार्जर मिळाला, फळी कमरेच्या उंचीवर टाकली आहे. निगेटिव्ह फोकसबाहेरच्या एकोणीसपैकीच एक. जिन्याचा कठडा आणि त्यावर टेकलेला बायकोचा हात. हात धूसर, कठड्यामागची भिंत स्पष्ट. टेस्ट स्ट्रिप काढली, पाच-पाच सेकंदांच्या पट्ट्या, वीसवाली बरी वाटली. पूर्ण कागद टाकला. लाल दिव्यात कोऱ्या कागदावर आधी कठडा आला, मग हळूहळू बोटं आली. बायको ट्रे हलवत होती. तिने हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा मी तिला कधी आत बोलावलंच नव्हतं.

वाळल्यावर प्रिंट जरा गडद झाला. कागद वाळला की एक छटा खाली उतरतो, हे मी साफ विसरलो होतो. उद्या अठरा सेकंद देऊन बघतो.

---

रिकामटेकडा | रविवार, सकाळी ७:३०

आणि शीळ?

---

मंदगती | रविवार, सकाळी ९:१०

मला आतून काही कळत नाही. आत्ताच विचारून आलो. म्हणाली, घालत होतात, आणि सूर तेव्हाही चुकायचा, अजूनही चुकतो.